तीन पिशव्या नेल्या, अडीच परत आणल्या

चर्चच्या हॉलमध्ये जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांसाठी कपडे गोळा करतायत असं कळलं, म्हणून कपाट उपसून तीन पिशव्या भरल्या आणि गेलो. अडीच परत आल्या. दोन दिवस झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

टेबलामागे एक काकू होत्या. गळ्यात व्हॉलंटियरचं कार्ड, चष्मा पार नाकाच्या टोकावर. त्यांनी माझी जीन्स काढली, उजेडाकडे धरली, मागची शिवण दोन्ही बाजूंनी ताणून बघितली आणि मागे दहा जण उभे असताना विचारलं, "ही तुम्ही घालाल का?"

मी म्हटलं, "नाही ना, म्हणून तर देतोय."

"मग त्यांनी का घालायची?"

आता ह्यावर काय बोलणार! पुढे अर्ध्या बाह्यांचे शर्ट निघाले. मी म्हटलं वाळवंट आहे तर गरम होत असेल ना, तर म्हणाल्या, "तिथल्या झातारीच्या निर्वासित छावणीत २०१३ च्या जानेवारीत पावसाचं पाणी तंबूत शिरलं होतं, लोक गारठले होते. स्वेटर नाही आणलात?" स्वेटर चांगले आहेत हो, ते मी घालतो. हे अर्थात मनात.

मग एक मोजा.

"एकच आहे."

"दुसरा सापडला की आणून देतो."

"शोधा. कंटेनर महिनाअखेरीस निघतोय."

तळाशी खोकल्याचं औषध निघालं, ते पिशवीत कसं गेलं देव जाणे. एक्स्पायरी वाचून काकूंनी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं की १९९२ ते १९९६ मध्ये बोस्नियात पाठवलेल्या औषधांपैकी अंदाजे १७,००० टन निकामी निघाली, म्हणजे वर ती नष्ट करायचं कामही युद्धात होरपळलेल्या लोकांच्याच गळ्यात. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू ते १७,००० टन मीच घरून नेले होते. मागचे एक काका तर च्च च्च करत म्हणाले, "लोक ना, घरातला कचरा आणतात हो." त्यांच्या स्वतःच्या पिशवीतून टाय निघाले. चांगले आठ-दहा. "इंटरव्ह्यूला लागतील," म्हणे. काकूंनी त्यांनाही नाही म्हटलं, तेवढंच काय ते समाधान.

एवढ्यावर सुटका नाही. "उभेच आहात तर हे बूट बांधा," म्हणत काकूंनी मला बसवलं, आणि मी तासभर बुटांच्या लेसना गाठी मारत होतो, जोड्या सुटू नयेत म्हणून. तिथे बसल्यावर दिसलं, भिंतीवर बारीक अक्षरात लिहिलंय की पैसे दिलेत तर जास्त उपयोग होईल, कपडे पाठवायलाच बराच खर्च येतो. अरे मग हे दारात मोठ्या अक्षरात लिहा ना! माणूस तीन पिशव्या वाहून आणतो, त्याचे हात बघा जरा. खरं सांगू, मला नुसतं "थँक्यू, भलं होवो" एवढंच ऐकायचं होतं. बूट बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गाठ सैल आहे."

दुसरा मोजा काल रात्री सोफ्याखाली सापडला. घेऊन जाणार होतो, पण काकू म्हणतील, ह्याला भोक आहे.

आहे.