गळतं कुठे, ठिबकतं कुठे

कॅम्परचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, छप्पर रिकाम्या जागेवर कधीच गळत नाही. खाली सोळा बाय सहा फुटांचा संसार असतो. त्यात ओटा असतो, चपलांचा कोपरा असतो, चक्क बादलीही असते. थेंब मात्र पडतो झोपलेल्या माणसाच्या कपाळावर, आणि तोही अशा माणसाच्या, ज्यानं गाडी घ्यायला पहिल्यापासून विरोध केला होता. मग रात्री दोन वाजता कुटुंबात एकमतानं ठराव पास होतो की उद्या कुणीतरी वर चढायचं. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, हे सांगायची गरज नसते.

इंदुरात कॅम्पर ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर व्हॅन तयार होते ती इथून जवळच, पीथमपुरात. तिच्या चासीवर कुणी रुग्णवाहिका बांधतं, कुणी शाळेची बस, आणि कुणी दोन बिछाने, एक सिंक आणि छताला हवेची खिडकी बसवून तिला घर म्हणतं. बॉडी बांधणाऱ्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण पत्रा येतो आठ बाय चारचा. सोळा फुटी छपरावर चार पत्रे आडवे टाकले की तीन आडवे सांधे झाले. चहूबाजूंनी कडेचा सांधा वेगळा. हवेच्या खिडकीचं चौदा इंची भोक वेगळं. कॅरिअर आणि सोलर पॅनेलच्या पायांचे स्क्रू वेगळे. हिशेब केला तर लक्षात येतं की आपण भोकंच विकत घेतली आहेत. मधला पत्रा त्यांना एकत्र धरून ठेवायला दिलेला आहे.

बरं, हे छप्पर जागेवर स्वस्थ बसत नाही. मे महिन्यात आमच्याकडे हवाच ४२ अंशांवर जाते. उन्हात उभा पत्रा साठीच्या पुढे. माळव्याच्या रात्रीचं कौतुक जगजाहीर आहे, ती गार होते. कवींचं यात भलं होतं, सांध्याचं होत नाही. सोळा फूट ॲल्युमिनियम ४० अंशांच्या फरकानं जवळजवळ साडेचार मिलिमीटर वाढतं. खालचा लोखंडी सांगाडा वाढतो सव्वादोन. म्हणजे वरचा आणि खालचा यांच्यात रोज दोनेक मिलिमीटरचा तंटा, तोही गाडी जागेवर उभी असताना. खंडवा रोडनं सिमरोलच्या घाटात नेली की बॉडीला पीळ पडतो तो वेगळाच. अशा सांध्यात जे काही घट्ट वाळून बसतं ते तडकतं. म्हणून एपॉक्सीची गोळी मळून लावणाऱ्यांना मी आधीच नमस्कार करतो. ती दगड होते, आणि दगडाला हलता येत नाही.

इथं हवं असतं बुटाइल, तेही टेपच्या रूपात. टायरच्या ट्यूबमधली हवा धरून ठेवणारं रबर ते हेच. टेपमधलं बुटाइल कधी वाळत नाही, चिकट आणि मऊ राहतं, पत्रा सरकला की त्याच्याबरोबर ताणलं जातं. वरून ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो, तो उन्हापासून वाचवतो.

सियागंजच्या बाजारात ही टेप मागितली की दुकानदार अगदी तशीच दिसणारी, चंदेरी, निम्म्या भावाची दुसरी टेप पुढे करतो. “भिया, येच ले जाओ, सब येच ले जाते हैं.” ती डांबराची असते. घराच्या गच्चीला ठीक आहे. गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर ती पातळ होते, कडेनं पाझरते आणि पांढऱ्या बॉडीवर काळे ओघळ सोडते. थंडीत उलट कडक होते. ओळखायची रीत सोपी आहे: कोपऱ्याचा कागद सोलून वास घ्यायचा. रस्त्याच्या कामाचा वास आला तर परत द्यायची. बुटाइलला वास जवळपास नसतोच, आणि चिमटीत ओढलं तर लांब तार निघते. दुकानदार रागावतो, रागावू द्यावं.

सिलिकॉनची तर वेगळीच गंमत. स्वस्तातल्या ट्यूबला व्हिनेगरचा वास येतो, कारण वाळताना ते ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि ते उघड्या लोखंडाला आणि जस्ताच्या मुलाम्याला खातं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनवर दुसरं काहीच धरत नाही. टेप नाही, रंग नाही, वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनही धड नाही. आधीच्या मालकानं प्रेमानं फासलेलं सिलिकॉन खरवडण्यात जो दिवस जातो, त्या दिवशी त्या मालकाची आठवण निघत राहते.

आता माप. प्रत्येकाला वाटतं दोन रोल पुरतात. तीन आडवे सांधे सहा-सहा फुटांचे, म्हणजे १८ फूट. कडेचा घेरा ४४ फूट. खिडकीच्या चौकटीला चार पट्ट्या, कोपऱ्यांवर एकमेकींवर चढवायला धरून ८ फूट. झाले ७०. दहा मीटरचे दोन रोल म्हणजे साडेपासष्ट फूट. साडेचार फूट टेप कमी पडते, रविवारी संध्याकाळी, सियागंज बंद असताना, आणि जो तुकडा उरतो तो नेमका पुढचा, जिथं वारा पाण्याला ढकलत आणतो. वाया जाणारी दहा टक्के धरून ७७ फूट होतात. तेव्हा दहा-दहाचे दोन आणि पाच मीटरचा एक असे तीन रोल आणावेत. रुंदी चार इंच. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बसलीच पाहिजे. दोन इंची टेप घेऊन जे पैसे वाचतात ते पुढच्या पावसाळ्यात गादीवर खर्च होतात.

टेप लावण्याआधी पाणी शिरतं कुठून ते शोधायचं, आणि इथं भल्याभल्यांची भंबेरी उडते. पाणी पुढच्या सांध्यातून आत येतं, छताच्या आतल्या पट्टीवरून प्रवास करतं, वायरचं भोक भेटलं की उतरतं आणि चार फूट मागे ठिबकतं. डाग म्हणजे पाण्याचं शेवटचं स्टेशन. चढलं कुठे ते तिकिटावर नसतं. नळीनं तपासायचं तर खालून वर जायचं: आधी कडेचा सांधा, तिथं दहा मिनिटं धार, मग मागचा आडवा सांधा, मग मधला, सगळ्यात शेवटी वरची खिडकी. एकदम सगळ्या छपरावर पाणी ओतणारा माणूस गाडी धुतो, गळती शोधत नाही.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण ती बघणाऱ्यांना वेडेपणाची वाटते. सगळ्या काचा बंद करायच्या, बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर पूर्ण वेगानं सोडायचा आणि छपरावर साबणाचं पाणी ब्रशनं फिरवायचं. आतली हवा जिथून निसटते तिथं बुडबुडे येतात. तिथं खडूनं फुली.

एव्हाना खाली माणसं जमलेली असतात. आमच्या टिळक नगरात माणूस छपरावर चढलेला दिसला की गल्लीला सुटी लागते. एक काका डांबर वितळवून ओतायला सांगतात. दुसरे म्हणतात, “अहो, ताडपत्री टाका, दोरी बांधा, विषय संपला.” तिसरा तरुण पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवत विचारतो, “भिया, मेकॅनिक को नी बुलाया क्या?” यांतल्या कुणालाही शिडी धरायला सांगितलं की गर्दी आपोआप पांगते.

खरं काम आता सुरू होतं, आणि ते टेपचं नव्हे. टेप छपराला चिकटत नाही. छपरावर जे असेल त्याला चिकटते. धूळ असेल तर धुळीला, मेण असेल तर मेणाला. पॉलिश करून चमकवलेल्या छपरावरून टेप दोन महिन्यांत अलगद निघते तेव्हा लोक टेपला शिव्या देतात. ती बिचारी मेणाला इमानानं धरून बसलेली असते.

म्हणून जुना सीलंट आधी प्लास्टिकच्या खरवडणीनं काढायचा. लोखंडी पात्यानं रंग उडतो आणि तिथून गंज सुरू होतो. मग भांड्यांच्या साबणानं धुवायचं आणि एक पूर्ण दिवस वाळू द्यायचं. वरून कोरडा दिसणारा सांधा आतून ओला असतो. हे पाणी टेपखाली कोंडलं की उन्हात त्याची वाफ होते आणि टेपला फोड येतात. घाई असेल तर केस वाळवायचं यंत्र सांध्यावरून फिरवावं, मात्र ते कुणाचं आहे त्या व्यक्तीला विचारून. लोखंडावर गंज असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात लावायचा आणि तो पुरता वाळू द्यायचा. ॲल्युमिनियमला हिरव्या घासणीचा हलका हात पुरतो.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. पेट्रोल नको, ते तेलकट पापुद्रा मागे ठेवतं. थिनर आणि ॲसिटोन रंगाला आणि फायबरला सोलतात. दोन फडकी घ्यायची: एक ओलं, लगेच मागून एक कोरडं. अल्कोहोल जागच्या जागी उडून गेलं तर मळ उचलला जात नाही, नुसता पसरतो. स्वच्छ झालं का हे बघायला रंगाऱ्याची कागदी टेप चिकटवून ओढावी. मागच्या बाजूला काही करडं दिसलं तर पुन्हा सुरुवात. इथं बहुतेक जण ‘चालतंय’ म्हणतात. चालत नाही.

वेळ सकाळची, दव सुकल्यावर आणि पत्रा तापण्याआधी. पत्र्यावर तळहात टेकवून सहज पाच आकडे मोजता आले पाहिजेत. तिसऱ्या आकड्याला हात उचलला गेला तर टेप उलट वागेल: नको तिथं जी चिकटली ती हलणार नाही. गुडघ्यांखाली प्लायवूडची फळी घ्यावी आणि ती आतल्या पट्ट्यांवर येईल अशी ठेवावी. नाहीतर मधल्या पत्र्याला खोलगट भाग पडतो, तिथं पाणी साचतं, आणि गळती बंद करायला चढलेला माणूस तळं बांधून उतरतो.

सुरुवात मागून करायची, पुढे सरकत यायचं. चालत्या गाडीवर पाणी पुढून मागे पळतं. पुढची पट्टी मागच्या पट्टीवर चढली तर ते वरून निघून जातं, उलटं झालं तर थेट कडेखाली घुसतं. खिडकीलाही तेच: आधी मागची पट्टी, मग दोन बाजूंच्या, शेवटी पुढची. तुकड्यांचे कोपरे कात्रीनं गोल करावेत, टोकदार कोपरा पहिला उचलला जातो. कात्री पाण्यात बुडवून घेतली तर बुटाइल पात्याला धरत नाही.

पाठीचा कागद एका वेळी वीतभरच सोलायचा. सगळा एकदम सोलणारा माणूस पुढची पंधरा मिनिटं स्वतःला टेपमधून सोडवत असतो. आणि टेप ताणायची नाही. ताणून लावली की दिसते सरळ, फार सुंदर दिसते. पण ती आठवडाभर हळूहळू मूळ लांबीकडे परतते आणि टोकं सोडते.

मग दाब. ही टेप दाबावरच धरते. हातानं थोपटून भागत नाही. कागदी वॉलपेपर लावणाऱ्यांकडे छोटा रोलर मिळतो. तो नसेल तर घरातलं लाटणं, आणि त्यानंतर नवं लाटणं आणायची तयारी. पुरणपोळीत पुरण कडेपर्यंत पोचवतात तसं मधून कडांकडे लाटत जायचं. रिव्हेटच्या डोक्याभोवती टेप तंबू ठोकते. तिथं चमच्याच्या पाठीनं गोल दाबावं. मधोमध आलेला बुडबुडा टाचणीनं टोचून दाबावा आणि वर छोटं ठिगळ लावावं. कडेला सुरकुती पडून तोंड उघडं राहिलं असेल तर नुसतं दाबून उपयोग नाही, ते कापायचं, सपाट करायचं, वर गोल ठिगळ. स्क्रूंच्या डोक्यांवर आणि टेपच्या पुढच्या कडेवर पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ ओढावी. तो हवेतल्या ओलाव्यानं दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आतपर्यंत वाळतो, म्हणून जाड थापण्यात शहाणपण नाही. हवेची खिडकी काढून खाली दुतर्फी बुटाइल घातलं असेल तर दोन दिवस उन्हानंतर तिचे स्क्रू पुन्हा थोडे आवळावे. तोवर बुटाइल दबून बाहेर आलेलं असतं.

हे सगळं एप्रिल-मेच्या सकाळी करायचं असतं. इंदुरात पाऊस लागतो जूनच्या उत्तरार्धात, आणि टेपची आठवण होते त्याच्या दुसऱ्या दिवशी. तहान लागल्यावर विहीर खणणं निदान कोरड्या जमिनीत तरी करता येतं.

आणि डिसेंबरात पुन्हा ठिबकलं तर लगेच शिडी काढू नये. बाहेर पाऊस नाही, आकाश निरभ्र, तरी पहाटे छताला थेंब लटकलेले: ते आतलं पाणी. चार माणसांचा रात्रभराचा श्वास, वर सकाळचा चहा. एक किलो गॅस जाळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि गार पत्र्याला भेटून परत खाली येतं. यावर टेपचा इलाज नाही. छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, स्वयंपाक करताना पूर्ण उघडायची, आणि ज्याला गार वारा लागतो त्याला दुसरं पांघरूण द्यायचं.