‘ऑक्सिजनच नाही, तर गाठ वाढते कशी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोखठोक प्रतिक्रियेबद्दल आभार. अंडाशयाच्या कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कमी पडतो आणि त्या टंचाईतच ती बळावते, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाबद्दल तुमचे चार आक्षेप आहेत. ऑक्सिजन कमी पडला तर पेशी मरायला हवी, गाठ वाढते कशी? कमतरता ऑक्सिजनचीच असेल तर प्राणायाम किंवा सिलिंडर का नको? रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाने ऑक्सिजन आणखी घटणार नाही का? आणि हे सगळं प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या बशांवरून काढलेलं अनुमान नाही का?

पेशी मरतात, भरपूर मरतात. केशवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तर मोठ्या गाठीच्या मधोमध मेलेल्या पेशींचा लगदा सापडतो. मुद्दा त्या लगद्याच्या काठावर तग धरणाऱ्या पेशींचा आहे. एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन पेशी सतत बनवत असते. ऑक्सिजन असेल तर एक विकर (एन्झाइम) त्यातल्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या दोन ठरावीक जागांवर हायड्रॉक्सिल गटाची (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची) खूण बसवतं, त्या खुणेवरून व्हीएचएल नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि काही मिनिटांत त्याची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन नसेल तर खूण बसत नाही. मग हे प्रथिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफसारखी, रक्तवाहिन्यांना फुटवे आणणारी जनुकं चालू करतं. याच यंत्रणेच्या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं.

शिवाय टंचाईत निवडही होते. अशा अवस्थेत पेशीला आत्मनाशाकडे ढकलणाऱ्यांपैकी एक म्हणजे पी५३ हे प्रथिन. उंदराच्या पेशींवरच्या १९९६च्या प्रयोगात, ऑक्सिजन कमी केल्यावर पी५३ नसलेल्या मूठभर पेशींनी बाकीच्यांना मागे टाकलं. अंडाशयाच्या कर्करोगाच्या हाय-ग्रेड सीरस या प्रकारात पी५३चं जनुक सुमारे ९६ टक्के गाठींत आधीच बिघडलेलं असतं.

सिलिंडरचं गणित सरळ आहे. निरोगी फुफ्फुसं असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेवरच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असेल तर १०० मिली रक्तात साधारण १५-१६ मिली ऑक्सिजन असतो. शुद्ध ऑक्सिजन दिला तरी त्यात दीड-दोन मिलीची भर. प्राणायामाने मन शांत होत असेल तर जरूर करावा, पण गाठीत अडचण श्वासाची नाही, शेवटच्या टप्प्यावरच्या वाहिन्यांची आहे.

त्या वाहिन्या घाईत बांधलेल्या, वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. रक्त कधी वाहतं, कधी तुंबतं, म्हणजे वाहिन्या वाढूनही ऑक्सिजनची ओढाताण संपत नाही. व्हीईजीएफची पहिली ओळखच मुळी गळती लावणारा पदार्थ अशी होती. १९८३ मध्ये तो गिनीपिगच्या ट्यूमरमुळे पोटात साठलेल्या पाण्याच्या अभ्यासातून पुढे आला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पोटात पाणी होण्यामागे त्याचा मोठा हात आहे, आणि व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाने (तुम्ही म्हणता ते रक्तवाहिन्या रोखणारं औषध हेच) ते पाणी अनेकदा आटतं.

तुमच्या तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. औषधाने काही काळ वाहिन्या सुधारतात असाही एक विचार आहे, पण जास्त छाटल्या तर टंचाई वाढू शकते. जीओजी-०२१८ या चाचणीत केमोथेरपीसोबत आणि नंतरही बेव्हॅसिझुमॅब चालू ठेवल्यावर आजार पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ १०.३ वरून १४.१ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. याला जादू म्हणणारा मी नाही.

बशांबद्दल मात्र सरसकट बोलू नका, चुका कुठे होतात ते बघा. नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या वर असतो, तर शरीरातल्या बहुतेक ऊतींत ३ ते ७ टक्के. म्हणजे ‘नॉर्मल’ बशीच मुळात अतिरेकी. १ टक्का ऑक्सिजनच्या बंद पेटीत (चेंबरमध्ये) बशी ठेवली तरी माध्यमात, म्हणजे पेशींभोवतीच्या पोषक द्रवात, विरघळलेला ऑक्सिजन निघून जायला तास लागतात, म्हणून माध्यम आदल्या रात्रीच आत ठेवतात. पेशी फोडण्यासाठी बशी बाहेर काढून कोणी रमतगमत काम केलं तर एचआयएफ तेवढ्यात नाहीसं होतं आणि ब्लॉटवर (प्रथिन ओळखायच्या चाचणीत) त्याचा पट्टा येतच नाही. पेशी फोडायचा द्रव (बफर) बर्फावर तयार हवा, जमलं तर काम चेंबरमध्येच उरकावं. कोबाल्ट क्लोराइड हे रसायन टाकून ‘हायपॉक्सिया’ (ऑक्सिजनची टंचाई) केल्याचा दावा दिसला तर सावध व्हा. त्याने एचआयएफ साठतं, पण पेशीला ऑक्सिजन मिळतच असतो. पेशी कोणत्या तेही वाचा: एसकेओव्ही-३ आणि ए२७८० या लोकप्रिय पेशीमालिका (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) हाय-ग्रेड सीरस गाठीशी फारशा जुळत नाहीत, हे २०१३ मध्येच दाखवलं गेलं.

घरात कोणाला बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन नियमित तपासून घ्या. अचानक पोटात जोरात दुखलं तर थांबू नका, आतड्याला छिद्र पडल्याची शंका असते. दात काढण्यासह कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर शेवटचा डोस कधी झाला ते सर्जनना आधी सांगा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी निदान २८ दिवसांचं अंतर ठेवतात, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पुढचा डोस देत नाहीत.