रिप्लेस करू का?

'या नावाची फाइल इथे आधीच आहे, रिप्लेस करू का?' हे कॉम्प्युटर अशा सुरात विचारतो, जसं पोह्यांवर सेव घालू का. आणि असल्या प्रश्नाला नाही म्हणायला इंदूरचा माणूस शिकलेलाच नाही. घाल भिया, जिरावणही घाल!

लोकांना वाटतं, नवी फाइल पूर्ण आली की मग जुनीला नारळ मिळतो. कुठलं काय! लिनक्सवरची सीपी, म्हणजे कॉपी करायची साधी कमांड, जुनी फाइल उघडतानाच तिची लांबी शून्य करते आणि मग नवा मजकूर ओतायला बसते. मंडळाच्या गणपतीच्या फोटोंची 3 जीबीची झिप आहे आणि 1 जीबीवर लाइट गेली, तर जुनी गेलेली, नवी अर्धवट. नाव मात्र तेच, त्यामुळे फोल्डरमध्ये सगळं शांत दिसतं. डिस्क मध्येच भरली तरी हीच गत, कारण जागा पुरेल का हे सीपी आधी बघतच नाही.

ही इंदूरच्या सराफा बाजाराची पद्धत आहे. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्यांच्याच दारात भुट्ट्याचा कीस. आधी एकाने उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. पण सराफ उठताना माल तिजोरीत टाकून कुलूप लावतो, सीपी तो सरळ नाल्यात सोडते. तिला तिजोरी हवी असेल तर सांगावं लागतं: बॅकअपचा पर्याय द्या, त्यात 'नंबर्ड' म्हणा, की जुनी फाइल शेपटीला आकडा लावून बाजूला राहते.

मला स्वतःला आरसिंक या दुसऱ्या कॉपी-प्रोग्रामची रीत पसंत आहे. ते जुन्या दुकानाला हात लावत नाही. त्याच फोल्डरात नावाआधी टिंब आणि शेवटी सहा वेडीवाकडी अक्षरं असलेली लपलेली फाइल उभी करतं, ती पूर्ण भरली की फक्त पाटी बदलतं. पाटी बदलणं, म्हणजे रिनेम, एका झटक्यात होतं: बघणाऱ्याला एक तर जुनी फाइल दिसते, नाही तर नवी, मधली अवस्था नाही. स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर पाटी बदलण्याआधी एफसिंक करा, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवून घ्या, नाही तर लाइट गेल्यावर पाटी नवी आणि दुकान रिकामं असं होऊ शकतं. आणि तात्पुरती फाइल टेंप फोल्डरात ठेवू नका. ती वेगळ्या डिस्कवर निघाली तर रिनेम होत नाही, मूव्हची कमांड गुपचूप कॉपीच करते. म्हणजे पुन्हा सराफा.

याची किंमत जागेत मोजावी लागते. 3 जीबीवर 3 जीबी चढवायची तर आणखी 3 जीबी मोकळी हवी. ती वाचवायला लोक आरसिंकला 'इनप्लेस' पर्याय लावतात, म्हणजे थेट जुन्या फाइलवरच लिहायला सांगतात, आणि मिळालेलं संरक्षण आपल्या हाताने काढून टाकतात. त्याहून कपटी 'पार्शल' हा पर्याय: नाव किती गरीब, पण कॉपी तुटली की अर्धी फाइल खऱ्या नावावरच बसवतं, जुनीच्या छाताडावर. अर्धी ठेवायचीच असेल तर 'पार्शल-डिर' वापरा, ती वेगळ्या खोलीत राहते. लाइट जाऊन तुटलं तर टिंबवाली फाइल मागे पडून राहते, ती हाताने उडवायची.

उरला पेनड्राइव्ह. त्यावर फाइली मांडायची पद्धत बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट असते, त्यांना जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणारी वही, नाही, म्हणून तिथे रिनेमच्या भरवशावर झोपू नये. जुनी प्रत घरच्या डिस्कवर ठेवूनच बसावं. पण मंडळाचे खजिनदार काका पट्टी शंभरावर गेली की हात घालतातच.

"काका, थांबा! अजून मेमरीतून उतरतंय. सिंक होऊ द्या, म्हणजे सगळं खरंच पेनड्राइव्हवर लिहिलं जाईल."

"अरे, शंभर टक्के दाखवतोय ना!"

"तो त्याचा हिशोब, काका. पेनड्राइव्हचा वेगळा."

मग सिंक, मग इजेक्ट, मग काढून परत लावायचा. परत लावायचा अशासाठी, की नाही तर तपासणी पेनड्राइव्हची न होता मेमरीतल्या प्रतीचीच होते. मग सीएमपीला, म्हणजे फाइली ताडून बघणाऱ्या कमांडला, दोन्ही फाइली द्यायच्या. काका चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत राहतात.

"हा तर काहीच बोलत नाहीये."

"बोलला नाही म्हणजे दोन्ही सारख्या."

"असं कसं? निदान 'ठीक आहे' तरी म्हणायला हवं होतं," म्हणत काका पेनड्राइव्ह खिशात टाकतात. इजेक्ट न करता.