ड्रम तिथं आहेच, तू फक्त काठ्या घेऊन ये!

हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा एखाद्या ड्रमरला ऐकवलं असेल, त्याला हॉलमधल्या हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून तीन तास वाजवायला लावलं पाहिजे. मग कळेल, काय काय 'तिथं आहे' ते.

आज इथं गोव्यात, म्हापशाजवळच्या एका हॉलवर लग्नाचं रिसेप्शन होतं. बँडमध्ये ड्रमवर डिचोलीचा एक पोरगा. हात चांगला, टायमिंग पक्कं. त्यालाही हाच निरोप. बिचारा स्कूटरवरून काठ्यांची पिशवी घेऊन आला. बघतो तर हाय-हॅटला, म्हणजे पायाच्या पेडलने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीला, क्लच नाही, वरची झांज दांड्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून अडकवलेली. आणि कार्यक्रम संपल्यावर पाकीट देताना इव्हेंटवाला म्हणतो, "बाबू, कीबोर्डवाला आपला कीबोर्ड घेऊन येतो. तू काय आणलंस?" पाकीट अर्थातच हलकं. पोरगा गप्प राहिला. मला काही गप्प राहवत नाही.

क्लच म्हणजे बोटाएवढा तुकडा. हाय-हॅटची खालची झांज स्टँडवर नुसती बसते. वरची झांज दांड्यावर धरून ठेवतो तो क्लच. फेल्टच्या दोन चकत्यांमध्ये झांज, खाली नट, आणि दांड्यावर आवळायला बाजूला स्क्रू. खालच्या नटाचे आटे झिजले की गाण्याच्या मध्येच नट गळून पडतो, झांज खालच्या झांजेवर बसते आणि पेडल कितीही मारा, वर येत नाही. टेपचं तर बोलूच नका. आपल्याकडच्या उकाड्यात तिचा डिंक सुटतो आणि झांज इंचाइंचाने खाली सरकते. आज ती सरकली नेमकी वॉल्ट्झला. वॉल्ट्झमध्ये एकवर किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, दोन-तीनवर हॅट, नाचणाऱ्यांचे पाय त्यावर पडतात. हॅट मेली, नवरा-नवरीचे पाय अडखळले, आणि अख्ख्या हॉलने बघितलं कुणाकडे? पोराकडे. टेप लावणाऱ्याकडे नाही, क्लच हरवणाऱ्याकडे नाही.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. किकच्या पुढच्या दोन पायांची रबरं गेलेली, खाली गुळगुळीत टाइल्स, गालिचा नाही. पेडलचा प्रत्येक ठोका २२ इंची ड्रमला पुढे ढकलतो. मसाला, म्हणजे नाचायच्या कोकणी गाण्यांची लड, सुरू होईपर्यंत किक हातभर पुढे आणि पोरगा एक पाय लांब करून तिच्या मागे. यावर उपाय अगदी साधा आहे. पाच बाय सहा फुटांचा, खाली रबर असलेला गालिचा, आणि पायांतली टोकदार खिळी बाहेर काढून त्यात रुतवायची. गालिचा नसेल तर किकच्या पायांपासून स्टूलच्या बुडापर्यंत दोरी बांधायची. ड्रमरच्या वजनाने किक जागेवर राहते. पण दोरी बांधायला स्टूल तरी हवा ना! स्टूलच्या जागी खुर्ची. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी, खुर्चीत ती उलटी चढते, सगळा भार कमरेवर येतो. शिवाय खुर्चीच्या हातांना कोपर आपटतात ते वेगळंच.

आता 'कीबोर्डवाला आपला कीबोर्ड आणतो' याबद्दल. अहो, ड्रमरला आणू नको म्हणून तुम्हीच सांगता, आणि आणलं नाही म्हणून पैसे तुम्हीच कापता? कुठला हिशेब हा?

आणि खरा ड्रमर रिकाम्या हाताने जातच नाही. आपला स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), आपल्या झांजा, आपलं पेडल, आपल्या काठ्या, एवढं जगभर ड्रमर स्वतःचं नेतो, किट कुणाचंही असो. झांजांच्या बॅगेत १४ इंची हॅटची जोडी, दोन क्रॅश, २० इंची राइड धरली तर सात-आठ किलो सहज होतात. स्नेअर आणि पेडल धरून आणखी सहा-सात. स्कूटरवर पावसात नेऊन बघा एकदा. झांजा स्वतःच्या का, तर चांगली झांज म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. आवाज गोड, पण धातू ठिसूळ. हॉलच्या स्टँडवर मधल्या नळीचं प्लास्टिक नसेल तर लोखंडी आटे झांजेचं भोक खात राहतात, गोल भोकाचं कुलपाच्या भोकासारखं होतं. वरचा विंग नट गच्च आवळला की झांजेला हलायला वाव राहत नाही, मग कडेला केसाएवढी चीर पडते. ती वेळीच दिसली तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून थांबवता येते, कधी कधी. नाहीतर झांज भंगारात. म्हणून शहाणा ड्रमर पिशवीत चार नळ्या, आठ फेल्ट, दोन विंग नट, एक क्लच आणि एक ड्रम की, म्हणजे ड्रम आवळायची चावी, कायम ठेवतो. त्या पोराने क्लच जवळ ठेवायला हवा होता, मान्य. आता पुढचं.

स्नेअरबद्दल कुणी विचारतच नाही. वरचं हेड, म्हणजे ताणलेला पडदा, साधारण पाव मिलिमीटर जाडीचं, खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ, कारण तारांना थरथरायला तेच लागतं. ते फाटलं की काही महाभाग खालीही वरचंच हेड चढवतात आणि मग म्हणतात, स्नेअर बद्द का वाजतो. वीस तारांपैकी एक तुटून वाकली तरी प्रत्येक ठोक्याला चर्रचर्र करते, ती कापून काढायची असते, टेप लावून दाबायची नसते. आजच्या स्नेअरवर टिश्यू पेपर घडी करून चिकटवलेला! म्हणजे हेड सुरात लावायचं नाही, तर त्याचं तोंड दाबायचं. अरे, हेड ताणणारे सगळे रॉड आधी बोटांनी सारखे आवळा, मग समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा, आणि प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारून आवाज जुळवा. दहा मिनिटांचं काम.

साऊंडवाल्यांवर फार राग काढत नाही मी. समुद्राचं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस कुणाच्याच लोखंडाला सोडत नाही. क्रोमवर पुटकुळ्या येतात, टेन्शन रॉड गंजून लगमध्ये, म्हणजे ते ज्यात फिरतात त्या खोबणीत, धरतात, आणि जोर लावला की रॉडचं चौकोनी डोकंच गोल होतं. मग ना घट्ट होत, ना सुटत. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सीझनआधी एकेक रॉड काढून, पुसून, आट्यांना व्हॅसलीनचा पातळ हात, स्टँडच्या सांध्यांना शिलाई मशीनचं तेल, एवढं केलं तरी किट वर्षानुवर्षं चालतं. काही साऊंडवाले करतात, त्यांचं किट बघितलं की बरं वाटतं. पण रात्री दोनला ट्रक भरून सकाळी काणकोणला उतरणाऱ्या पोरांनी हे कधी करायचं? त्यांनाही कोण देतं धड पैसे.

वेळेचं सांगतो. रात्री दहाला उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे आणि असायलाही हवा. पण त्यामुळे सगळं अलीकडे सरकतं. साडेसातच्या कार्यक्रमाला ड्रमर तीनला हजर. आधी गालिचा, मग स्टूल, किक, पेडल, स्नेअर, हॅट, टॉम, शेवटी झांजा. माइक लागायचे ते त्यानंतर. साउंडचेकही ड्रमपासून सुरू होतो, आणि गिटारवाला जेवायला बसतो तेव्हा ड्रमर विंग नट गोळा करत असतो. तुम्ही पैसे मोजता ते फक्त वाजवण्याच्या तासांचे.

कानाचं तर कुणाच्या गावीच नाही. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असं धरलं तर १०० डेसिबलला मिळतात पंधरा मिनिटं. बंद हॉलमध्ये ड्रमसेट तेवढा सहज जातो. इयरप्लग लावला की लोक हसतात, 'स्वतःचंच ऐकवत नाही वाटतं' म्हणून. हसा.

आणि 'कंपनी देते ना तुम्हाला ड्रम' म्हणणाऱ्यांसाठी: कंपनीशी नाव जोडलं गेलेल्या बहुतेकांना सवलत मिळते, फुकट माल नाही. फुकट मिळतो तो वर बसलेल्या मोजक्यांना. आपल्या डिचोलीच्या पोराला कोण देणार? घुमट या आपल्या मातीच्या वाद्याला गोवा सरकारने वारसा वाद्य केलं, छानच झालं. पण आरती संपल्यावर घुमटवाल्याच्या हातात काय पडतं, ते तुम्हाला माहीत आहे.

सगळेच यजमान वाईट नाहीत, काहींचं बजेट खरंच तोकडं असतं. ठीक. मग तसं आधी सांगा, शेवटी पाकिटातून कापू नका.

तर पोरांनो, यापुढे 'ड्रम तिथं आहे' असा निरोप आला की उत्तरात एवढंच लिहा: किटचा आजचा फोटो पाठवा, मागच्या वर्षीचा नको. हाय-हॅट, पेडल आणि स्टूल जवळून दिसले पाहिजेत. गालिचा कोण आणणार ते लिहून द्या. माझा स्नेअर आणि झांजा मी आणतो, त्यांचं भाडं मानधनात धरलेलं आहे. निम्मे पैसे आधी.