फँटसीतल्या घोड्यांना चंदी कोण घालतं?

फँटसी कादंबरी हातात आली की माझी खोड म्हणजे आधी नकाशा उघडून अंतरं मोजायची, आणि मग पुढची सहाशे पानं चिडचिड. नायक संध्याकाळी निघतो, रात्रभर भरधाव, आणि सकाळी 300 किलोमीटरवरच्या किल्ल्याच्या दारात हजर, घोडा एकदम टवटवीत. अरे तो घोडा आहे का बुलेट, टाकी फुल केली आणि निघाला?

भरधाव म्हणजे ताशी 40-45 किलोमीटर, ते पण तीन-चार किलोमीटरपुरतं, पुढे घोड्याचा भाता फुलतो. लांबचा पल्ला चालीने नाहीतर दुडकीने, मधेमधे उतरून लगाम धरून स्वतः पायी, असं करत दिवसाला 50-60 किलोमीटर झाले तरी चांगली मजल मारली म्हणायची. त्यात त्याला रोज 30-40 लिटर पाणी, वैरण, चंदी, आणि नाल निघाला तर नालबंद सापडेपर्यंत बसा. माथेरानला दस्तुरीवरून वर येणारा घोडा जवळून बघा कधी, नुसत्या चालीनेच येतो तरी खोगिराच्या कडेने घामाचा फेस आलेला असतो.

आता कोणी म्हणेल, पूर्वी लोक वेगात जायचेच की. जायचे ना! अमेरिकेत 1860 मध्ये पोनी एक्स्प्रेसवाले साधारण 3,000 किलोमीटर टपाल 10 दिवसांत पोचवायचे, पण दर 16-24 किलोमीटरवर ताजा घोडा तयार ठेवलेला असायचा, आणि साधारण 120-160 किलोमीटरवर स्वारही बदलायचा. म्हणजे वेग खरा चौक्यांचा. मग तुमच्या राजाचा जासूद, म्हणजे निरोप्या, इतका सुसाट असेल तर त्या चौक्यांचा खर्च कोण करतं, शत्रूने मधल्या दोन जाळल्या तर काय, हे लिहा ना, इतका भारी मसाला लेखक फुकट घालवतात!

आणि सैन्य! जासुदाला लागतात तेवढेच दिवस तोफांसकट सगळ्या फौजेला? सदाशिवरावभाऊ मार्च 1760 मध्ये परतूरहून निघाले, दिल्ली हातात आली ऑगस्टच्या सुरुवातीला. तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू, वाटेत नद्या, त्यात पावसाळा. घोडदळ कितीही चपळ असू दे, फौज चालणार तोफ ओढणाऱ्या बैलाच्या चालीने. पुढे 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सगळं संपलं आणि कुमक घेऊन उत्तरेला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ते कळलं दहाएक दिवसांनी, भेलशाजवळ, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या विदिशाजवळ. इतके दिवस तो माणूस नसलेल्या फौजेच्या मदतीला चाललेला. मला तर हे वाचताना दरवेळी पोटात खड्डा पडतो. फँटसीवाल्याने पुढच्याच पानावर धापा टाकत निरोप्या आणून सोडला असता.

ड्रॅगन चालतो मग घोड्यालाच का धरून बसतोस, हे ऐकून ऐकून कान किटलेत. मंतरलेला घोडा असेल तर तसं सांगा, माझं काही म्हणणं नाही, मग उडवा खुशाल. पण साधं तट्टू असेल तर त्याला पाणी पाजा की राव.

बरं घोड्याचं सोडा, त्या नायकाचं काय? सवय नसलेला माणूस दिवसभर खोगिरावर बसला तर मांड्या सोलवटून निघतात, दुसऱ्या दिवशी फेंगडा चालतो. आणि हा उतरल्या उतरल्या सात जणांशी तलवारबाजी करतोय.