चाकाचे नट तेल लावून आणि पाईप घालून आवळू नका

पावसाळा सुरू झाला की घाटाविषयीचे सल्ले फिरू लागतात, तसा यंदा चाकांच्या नटांविषयीचा एक संदेश पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर येऊन गेला आहे. एका मोठ्या वाहन कंपनीतून निवृत्त झालेल्या अभियंत्याचा म्हणून तो पुढे पाठवला जातो. अभियंत्याचे नाव मात्र कुठेही नाही. कोकणात उतरण्यापूर्वी चाकाचा प्रत्येक नट सोडवून गंज धरू नये म्हणून त्याच्या आट्यांना इंजिन ऑइल लावावे, मग पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाईप घालून किंवा पान्यावर उभे राहून नट आवळावा, एक नट पूर्ण आवळून झाल्यावरच शेजारच्या नटाला हात लावावा, टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, हे केवळ बिल फुगवण्याचे साधन आहे आणि अशा रीतीने आवळलेल्या नटाकडे पुढे वर्षभर पाहावे लागत नाही, असा त्याचा सारांश आहे. सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या मामांनी तो वाचला आणि ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तंतोतंत अमलात आणला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत घातक मुद्दा तेलाचा आहे. नट फिरवण्यासाठी आपण जो जोर लावतो, त्याचा फार थोडा भाग, ढोबळमानाने १० टक्के, स्टडला, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्याला, ताणण्याच्या कामी येतो. उरलेला सगळा आट्यांमधल्या आणि नटाच्या बैठकीवरच्या घर्षणात खर्च होतो. चाक घट्ट धरून ठेवण्याचे खरे काम हा ताण करतो. आवळलेला स्टड म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग असते. ती किंचित ताणली जाते आणि चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर, दाबून धरते. गाडीच्या कंपनीने दिलेला टॉर्कचा, म्हणजे नट फिरवण्याच्या जोराचा, न्यूटन-मीटरमधला आकडा कोरडे, स्वच्छ आटे गृहीत धरून काढलेला असतो. तेल लावले की घर्षण घटते आणि तेवढ्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी अधिक ताण येतो.

हिशेब करून पाहावा. १२ मिलीमीटरच्या स्टडवर १०३ न्यूटन-मीटर टॉर्क लावला, तर कोरड्या आट्यांवर साधारण साडेचार टनांचा ताण येतो. तेल लावलेल्या आट्यांवर तोच ताण साडेसहा टनांच्या पुढे जातो. ८.८ श्रेणीच्या आणि बारीक आट्यांच्या अशा स्टडने कायमचे न लांबता सोसावयाचा भार आयएसओ ८९८-१ या मानकानुसार सुमारे साडेपाच टन आहे. याहून मजबूत श्रेणीचा स्टड हे निभावून नेईलही, पण आपल्या गाडीत कोणत्या श्रेणीचा स्टड आहे हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे?

माझे म्हणणे कोणी प्रमाण मानू नये. टोयोटाच्या मालक-पुस्तिकेत चाकाच्या बोल्टला किंवा नटाला तेल अथवा ग्रीस कधीही लावू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे आणि तिची दोन्ही कारणेही दिली आहेत: नट प्रमाणाबाहेर आवळला जाऊन बोल्टचे किंवा चाकाचे नुकसान होते आणि उलटपक्षी नट सैल होऊन चाक निखळू शकते. दुसरे कारण अनेकांना पटत नाही. परंतु नटाला जागेवर अडवून धरणारे घर्षणच आपण काढून घेतले, तर खड्ड्याखड्ड्याला बसणाऱ्या हादऱ्यांनी तो मागे फिरण्याची वाट मोकळी होते. वरच्या हिशेबातला १०३ हा आकडाही टोयोटाच्या अनेक गाड्यांसाठी दिलेलाच आहे.

गंजाविषयी संदेशात म्हटले आहे ते मात्र अर्धे खरे आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत नट धरून बसतात आणि रस्त्याच्या कडेला ऐन वेळी निघत नाहीत, हे नाकारता येणार नाही. काही जड ट्रकच्या चाकांसाठी उत्पादक स्वतःच तेलाचा थेंब सांगतात, हेही मान्य करतो. पण तिथले टॉर्कचे आकडे तो थेंब धरूनच ठरवलेले असतात. कारसाठी तारेच्या ब्रशने आटे घासून कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते.

पाईपचा मुद्दा त्याहून सोपा आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पान्याचा दांडा आखूड असतो, तो काही कंपनीने लोखंड वाचवले म्हणून नव्हे. २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर हाताने सुमारे ४० किलोचा जोर दिला, की ९८ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे जवळजवळ हवे तेवढेच. ७० किलो वजनाचा माणूस ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर उभा राहिला तर २०६ आणि दोन फुटी पाईपच्या टोकाला लोंबकळला तर ४०० च्या वर. इतक्या जोराला स्टड तुटतो तरी किंवा न तुटता आतून लांबतो, आणि लांबलेला स्टड अधिक धोक्याचा, कारण बाहेरून तो धडधाकट दिसतो. मामांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे नट सोडवले, तेव्हा दोन स्टडवर नट हाताने तीन-चार आटे सुरळीत फिरत होता आणि नंतर अडकत होता. स्टड काढून त्याच्याशेजारी नवा धरला असता मधल्या भागातले आटे एकमेकांपासून विरळ झालेले नुसत्या डोळ्यांना दिसत होते. हे दोन्ही स्टड घाटाच्या वळणांवर गाडीचा भार घेणार होते.

एकेक नट पूर्ण आवळत जाण्याने चाक एका बाजूला कलून बसते. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, असे आधी हाताने, मग जॅकवर हलकेच आणि शेवटी चाक जमिनीला टेकल्यावर पूर्ण आवळावेत. नटाची निमुळती बाजू चाकाकडे हवी.

टॉर्क रेंच घरी नसला तरी चालेल, पण त्याला लूट म्हणणे चुकीचे आहे. नाना पेठेतल्या दुकानांत तो विकत मिळतो आणि सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. पंक्चरवाल्याकडे इम्पॅक्ट गनने, म्हणजे नट झटक्यांनी फिरवणाऱ्या यंत्राने, नट बसवले जात असतील, तर शेवटचा जोर हातपान्याने द्यायला सांगावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

वर्षभर पाहू नये, हे तर सरळ चूक आहे. चाक काढून बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. ताम्हिणीने जाणाऱ्यांना ते माणगावला थांबून करता येईल, मात्र घाट उतरून तापलेली चाके आधी निवू द्यावीत.

ज्यांनी आधीच तेल लावले आहे, त्यांनी एका वेळी एकच नट काढून, ब्रेक क्लीनरने आटे आणि नटाची बैठक पुसून, पूर्ण कोरडी करून तो पुस्तिकेतल्या आकड्यानुसार पुन्हा आवळावा. रॉकेल वापरू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो. नट शेवटपर्यंत हाताने फिरत नसेल, तर तो पान्याने रेटू नये. तो स्टड बदलून घ्यावा आणि तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.