‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ची टक्केवारी : एक खुलासा

२०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला समीक्षकांनी १०० पैकी ३० गुणही दिले नाहीत आणि डिस्नीच्या मालकीच्या रॉटन टोमॅटोज या चित्रपट-परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाने हा आकडा मुद्दाम पाडला, असा दावा अजूनही फिरतो. तो चुकीचा आहे.

रॉटन टोमॅटोजवरील टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. प्रत्येक परीक्षण अनुकूल की प्रतिकूल एवढेच पाहून अनुकूल परीक्षणांचे शेकडा प्रमाण तिथे मांडले जाते. त्यामुळे सर्वांनी १० पैकी ६ गुण दिलेला बेताचा चित्रपटही १०० टक्क्यांवर पोहोचू शकतो, आणि हा चित्रपट ३० टक्क्यांच्या खाली राहूनही त्याचे सरासरी गुण १० पैकी ५ च्या आसपास आहेत. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ४४ गुण आहेत.

डिस्नीचा तर संबंधच नाही. फेब्रुवारी २०१६ पर्यंत रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ या चित्रपटाच्या निर्मात्या वॉर्नर ब्रदर्सचेच होते. ते फँडँगो या चित्रपट-तिकिटे विकणाऱ्या कंपनीकडे गेल्यावरही वॉर्नरने त्यात हिस्सा राखला.

समीक्षकांची नाराजी मात्र खरी होती, आणि ती दडवण्याचे कारण नाही. विस्कळीत कथानकावर आणि दोघांच्या आईचे नाव ‘मार्था’ असल्याचे कळताच लढाई थांबते त्या प्रसंगावर कडक टीका झाली. तरीही बेन ॲफ्लेकच्या बॅटमॅनचे अनेकांनी मनापासून कौतुक केले.